पडद्यावरचा मुष्टियोद्धा

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी आकुर्डीचे स्थानक मागे टाकते आणि थोड्याच वेळात देहूरोडला येऊन थांबते. तुकाराममहाराजांच्या देहू गावास जाण्यासाठी उतरण्याचे हे ठिकाण, म्हणून या स्थानकास देहूरोड असे नाव मिळाले. येथील फलाटावर दोन प्रकारची माणसे हमखास दृष्टीस पडतात. एक, टाळ-वीणा घेऊन देहूस निघालेले वारकरी. आणि दुसरे, लष्करी गणवेषातील जवान. कारण देहूरोड ही सैन्याची छावणी आहे. सैन्याचे मोठे भांडार येथे आहे, आयुधनिर्माणीचा कारखानाही येथे आहे. येथील शाळांत शिकणाऱ्या मुलांना कवायत, बिगूल, खाकी तंबू या गोष्टी नव्याने समजावून सांगाव्या लागत नाहीत.

देहूच्या संतावर एक विख्यात चित्रपट निघाला, आणि पुढे पुष्कळ वर्षांनी एका जवानावरही निघाला. दोन्ही चरित्रपट. खऱ्या माणसाचे आयुष्य कथारूपाने दाखविणाऱ्या चित्रपटास चरित्रपट म्हणतात. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट तयार केला. विष्णुपंत दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. १९३७ साली व्हेनिस येथील जागतिक चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आता विचार करा, तुकाराममहाराजांच्या काळी छायाचित्रण नव्हते. ते कसे चालत, त्यांचा आवाज कसा होता, विठ्ठलापुढे उभे राहिले म्हणजे त्यांचे डोळे कसे दिसत, हे पाहिलेला मनुष्य १९३६ साली कोठून मिळणार? तरीही विष्णुपंत पागनीस या नटाने उभे केलेले तुकाराममहाराज लोकांच्या मनात असे ठसले, की अनेकांना तुकाराम म्हणताच पागनीसांचा चेहरा आठवू लागला. चरित्रपटाचे सामर्थ्य ते हेच, आणि त्याविषयी सावध राहावयाचे कारणही हेच.

जवानावरील चित्रपटाची गोष्ट याहून निराळी आहे. त्याचा नायक तीनशे वर्षांपूर्वीचा नव्हे. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो स्वतः हयात होता, आपले आयुष्य दुसरा कोणी जगताना पाहू शकत होता. त्या चित्रपटाचे नाव 'चंदू चॅम्पियन'. कबीर खान यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. नाव हिंदी वळणाचे असले तरी नायक अस्सल मराठी मातीतला आहे. मुरलीकांत राजाराम पेटकर हे त्यांचे नाव. ते मुष्टियोद्धे होते, सैनिक होते आणि जलतरणपटूही होते. या तिहींचा मेळ कसा बसला, तेच चित्रपट सांगतो.

पेटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. (इस्लामपूरचे नाव २०२५ मध्ये बदलून ईश्वरपूर असे करण्यात आले.) कृष्णा-वारणेचा हा मुलूख कुस्तीचा. गावोगावी तालमी, जत्रेत फड, आणि जिंकलेल्या मल्लाच्या अंगावर गुलाल. या मुलखातून फार दूर नसलेल्या कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. चित्रपटातील बालपणाची कथा याच प्रसंगापासून सुरू होते. खाशाबांचे मोठे स्वागत चालले आहे आणि गर्दीतून एक लहानगा मुरली ते डोळे विस्फारून पाहत आहे. आपणही असेच पदक आणावयाचे, तेही सुवर्णाचे, असे तो बोलून दाखवितो. बरोबरीची मुले त्याची टर उडवितात आणि त्यास नाव ठेवतात, 'चंदू चॅम्पियन'. बावळटाला थोर म्हणून चिडवावे तसे हे नाव. चित्रपटकर्त्यांनी हीच चेष्टा चित्रपटाच्या नावासाठी निवडली. मला ही निवड चांगली वाटते. पराक्रमी माणसाच्या चरित्रपटास एखादे भारदस्त नाव सहज देता आले असते. पण मग ज्या पोरास कोणी खरे मानीत नव्हते, त्याची ही कथा आहे, हे पहिल्या क्षणी कळले नसते.

घर सोडण्याचा प्रसंगही कुस्तीतूनच आला. गावातील एका वजनदार माणसाच्या मुलास मुरलीने कुस्तीत चीत केले. लोक चिडले, त्याच्या अंगावर धावून आले, आणि हे पोर पळत सुटून आगगाडीत बसले. पुढे ते सैन्यात भरती झाले. सैन्याच्या ज्या दलात ते कारागीर म्हणून रुजू झाले, त्याचे काम विद्युत व यांत्रिक सामग्रीची देखभाल करण्याचे. तोफा, वाहने, बिनतारी यंत्रे बिघडली म्हणजे ती दुरुस्त करणारे हे दल. लढाई म्हटले की आपणांस बंदूक रोखून धावणारा शिपाईच तेवढा आठवतो. पण हातात पाना घेऊन मोटारीखाली शिरणारा जवानही रणभूमीवरच असतो. देहूरोडसारख्या गावच्या मुलांना हे ठाऊक आहे.

सैन्यात पेटकरांच्या हाती मुष्टियुद्धाचे मोजे आले. येथे चित्रपट बाजूस ठेवून या खेळाकडे थोडे पाहू, कारण तो खेळ समजल्यावाचून पुढील शोकांतिका नीट उमजत नाही.

मुष्टियुद्ध दोरांनी वेढलेल्या चौथऱ्यावर खेळतात. तो चौथरा चौकोनी असतो, तरी त्यास रिंगणच म्हणतात. या विसंगतीचे कोणास काही वाटत नाही. समान वजनाचे दोन खेळाडू समोरासमोर येतात. हौशी खेळाडूंचा सामना साधारणतः तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा असतो आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. म्हणजे सगळा हिशेब अकरा मिनिटांचा. ऐकताना हा काळ थोडा वाटतो. परंतु एक मिनिटभर दोन्ही हात वर धरून हवेत ठोसे मारून पाहा, म्हणजे खांदे काय म्हणतात ते कळेल. खेळाडू खाली पडला तर पंच मोठ्याने आकडे मोजू लागतो. दहा म्हणण्याच्या आत त्यास उठून लढावयास सज्ज व्हावे लागते, नाहीतर सामना तेथेच संपतो.

ठोसा मुठीने मारतात, पण तो मुठीत जन्मास येत नाही. मागच्या पायाचा चवडा जमिनीस रेटा देतो. तो रेटा गुडघ्यातून मांडीत, मांडीतून कमरेत चढतो. कंबर वळते, तिच्यामागून खांदा वळतो, आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. या साखळीतील एक कडी जरी ढिली पडली तरी ठोशातील जोर नाहीसा होतो. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकविणे हेदेखील पायांचेच काम. अर्धे पाऊल मागे, पाव पाऊल बाजूला, एवढ्यावर नाक फुटणे किंवा न फुटणे अवलंबून असते. म्हणून जाणकार मनुष्य मुष्टियुद्ध पाहताना खेळाडूच्या मुठींपेक्षा त्याच्या पायांकडे अधिक पाहतो. मुरलीकांत अंगाने लहान पण चपळ होते. सैन्यातील मित्र त्यांना 'छोटा टायगर' म्हणत. असा खेळाडू जिंकतो तो पायांच्या बळावर.

आता हे सारे चित्रपटात दाखवावयाचे कसे? कार्तिक आर्यन या नटाने मुरलीकांतांची भूमिका केली. तीसाठी त्याने एक वर्षाहून अधिक काळ मुष्टियुद्ध आणि पोहणे यांचा सराव केला आणि अंगावरील चरबी झडवून शरीर खेळाडूसारखे केले. पण दोन नटांनी एकमेकांस खरोखरीचे ठोसे मारले तर दुसऱ्या दिवशी चित्रीकरणास कोणी यावयाचे नाही! म्हणून येथे एक युक्ती करतात. ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीपासून काही बोटे अंतरावरून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो, की मधले अंतर दिसू नये. ज्यास ठोसा लागला असे दाखवावयाचे, तो नेमक्या क्षणी मान झटकतो. 'धप्प' असा आवाज मागाहून, निराळ्या जागी ध्वनिमुद्रित करून चित्रास जोडतात. शिवाय अकरा मिनिटांचा सामना पडद्यावर दोन-तीन मिनिटांत आटोपतो. खऱ्या सामन्यात बराच वेळ दोघेही एकमेकांचा अंदाज घेत फिरत असतात. चित्रपट तो वेळ कापून टाकतो आणि ठोसे तेवढे ठेवतो. त्यामुळे चित्रपट पाहून मुष्टियुद्ध शिकावयास निघालेल्या मुलाचा पहिल्याच दिवशी भ्रमनिरास होतो. त्यास कितीतरी दिवस नुसते पाय टाकावयास शिकवितात.

१९६४ साली टोकियो येथे निरनिराळ्या देशांच्या सैन्यांतील खेळाडूंचा क्रीडामेळावा भरला. पेटकर तेथे भारताच्या वतीने मुष्टियुद्धात उतरले. त्याच वर्षी, त्याच नगरीत ऑलिंपिक स्पर्धाही झाल्या. या दोहोंची गल्लत करू नये. गावाकडून पळून आलेला मुलगा परदेशी रिंगणात देशाचे चिन्ह छातीवर लावून उभा राहिला, हा चित्रपटाच्या पूर्वार्धातील आनंदाचा भाग आहे. तो चांगलाच रंगला आहे, गाणीबजावणीही आहे. काही गाणी नसती तरी चालले असते.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या सप्टेंबरात, पाकिस्तानशी युद्ध पेटले. त्या दिवसाविषयी पेटकर यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत आहे. छावणीत हवालदार-मेजरची शिट्टी वाजली. ती हवाई हल्ल्याची सूचना होती. परंतु चहाची वेळ झाली असे समजून काही जवान बाहेर आले. आणि वरून गोळ्यांचा वर्षाव झाला. छावणीतल्या मुलांना शिट्टीचे महत्त्व ठाऊक असते. एकाच शिट्टीचे दोन अर्थ, आणि दोहोंमध्ये जीवन-मरणाचे अंतर! चित्रपटात हा हल्ला फार परिणामकारक साधला आहे. सुमारे आठ मिनिटांचे हे दृश्य मध्ये न तोडता सलग दाखविले आहे, आणि त्याचे चित्रीकरण काश्मीरमधील आरू खोऱ्यात झाले. मुष्टियुद्धाचे सामने तुकड्यातुकड्यांनी आणि युद्ध मात्र सलग, असे का केले असावे? मला वाटते, खेळात फेरी संपते, घंटा होते, विश्रांती मिळते. युद्धात ती मिळत नाही. हे शब्दांनी न सांगता दिग्दर्शकाने कॅमेऱ्याने सांगितले आहे.

पेटकरांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. ते कोसळले, आणि वर एक वाहन त्यांच्या अंगावरून गेले. एक गोळी पाठीच्या कण्यात अशी रुतली की ती काढता आली नाही. बराच काळ त्यांना शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा जुन्या आठवणी हरवल्या होत्या. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम पायांपर्यंत पोहोचविणारा हा जणू तारायंत्राचा मार्गच. तो जेथे तुटतो, तेथून खालच्या अवयवांस संदेश पोहोचत नाहीत. पेटकरांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. ज्या पायांतून त्याचा ठोसा जन्मास येई, ते पायच या मुष्टियोद्ध्याकडून युद्धाने हिरावून घेतले.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. हातापायांच्या स्नायूंना व्यायाम घडावा म्हणून रुग्णाने पाण्यात उतरावे, असा सल्ला तेथे मिळाला. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, हे विहिरीत पोहलेल्या प्रत्येक मुलाने अनुभविले असेल. जमिनीवर ज्या देहास दोघांनी उचलावे लागे, तो पाण्यात स्वतःच्या बळावर तरंगू लागला. आणि मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे, दंड आणि दम हे तर शाबूतच होते.

चित्रपटात हा सारा बदल टायगर अली नावाच्या एका गुरूच्या हातून घडतो. विजय राज या नटाने ती भूमिका केली आहे. हाच गुरू आधी मुष्टियुद्ध शिकवितो आणि हाच पुढे खचलेल्या शिष्यास पाण्यात उतरवितो. खऱ्या आयुष्यात मात्र अशी कामे एका माणसाकडून होत नाहीत. प्रशिक्षक निराळा, शल्यवैद्य निराळा, परिचारिका निराळ्या, व्यायामोपचार करणारा निराळा. परदेशी स्पर्धांसाठी पैसा उभा करणे हे तर आणखीच वेगळे काम. त्यात विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. मर्चंट यांनी अपंगांसाठी पुष्कळ कार्य केले होते. चित्रपटास अडीच तासांत गोष्ट संपवावयाची असते, म्हणून तो अनेक माणसांची कामे एका पात्राकडे सोपवितो. यास खोटेपणा म्हणता येणार नाही; पण पडद्यावर जो एक चेहरा दिसतो त्यामागे पुष्कळ न दिसणारे चेहरे असतात, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवावे.

ज्या स्पर्धांत पेटकर उतरले त्या पॅरालिंपिक स्पर्धांची मुळेही युद्धातच आहेत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात लुडविग गुटमान हे डॉक्टर कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. त्या काळी अशा रुग्णांनी उरलेले आयुष्य खाटेवर काढावे, अशीच समजूत होती. गुटमान यांना ती मान्य नव्हती. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्च्यांवर बसलेल्या सोळा जखमी सैनिकांची, त्यांत स्त्रियाही होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. १९६० साली या स्पर्धा रोमला पोहोचल्या. १९६८ मध्ये तेल अवीव येथे भारताने प्रथमच भाग घेतला. त्या संघात पेटकर होते, आणि तेथे ते टेबल टेनिस खेळले.

१९७२ सालच्या स्पर्धा पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ऑगस्ट महिन्यात झाल्या. त्या वर्षीचे ऑलिंपिक त्याच देशात म्युनिकला होते. मग या स्पर्धा तेथेच का नाही झाल्या? म्युनिकचे ऑलिंपिक ग्राम स्पर्धा संपताच राहत्या घरांसाठी द्यावयाचे ठरले होते, म्हणून अपंग खेळाडूंना दुसरे शहर शोधावे लागले. ही लहानशी गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

हायडेलबर्गला पेटकर पन्नास मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात आपल्या गटात पहिले आले. वेळ ३७.३३ सेकंद, तो त्या गटातील विश्वविक्रम ठरला. हा आकडा नुसता वाचून सोडू नये. पन्नासास ३७.३३ ने भागले की दर सेकंदास सुमारे एक मीटर चौतीस सेंटिमीटर एवढा वेग येतो. त्याच महिनाअखेरीस सुरू झालेल्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने शंभर मीटरचे अंतर ५१.२२ सेकंदांत तोडले. म्हणजे सरासरीने दर पन्नास मीटरला साडेपंचवीस सेकंदांहून किंचित अधिक. स्पिट्झ हा त्या काळातील जगातला सर्वश्रेष्ठ पोहणारा, आणि त्याचे दोन्ही पाय पाणी कापीत होते. पेटकरांचे पाय मदत तर करीत नव्हतेच, उलट ओढणीसारखे मागे लोंबत पाण्यास अडथळा करीत होते. सारे काम दोन हातांचे. हे ध्यानी घेतले म्हणजे सदतीस सेकंदांची थोरवी कळते.

भारताच्या खेळाडूने पॅरालिंपिकमध्ये मिळविलेले हे पहिले सुवर्णपदक. दुसरे मिळण्यास बत्तीस वर्षे जावी लागली. २००४ साली अथेन्स येथे देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत ते मिळविले. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण तर भारतास २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांच्यामुळे लाभले. पेटकर हायडेलबर्गला भालाफेकीसारख्या इतर स्पर्धांतही उतरले होते, परंतु चित्रपटाचा सारा रोख पोहण्याच्या शर्यतीवर आहे. ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

चरित्रपट कोठे सुरू करावा आणि कोठे थांबवावा, हा कठीण प्रश्न असतो. मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्यावर २०१४ मध्ये हिंदी चित्रपट आला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्यांनी लंडन ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले होते. तरी कथा थांबते ती २००८ सालच्या जगज्जेतेपदापाशी. जुळ्या मुलांची आई झाल्यावर रिंगणात परत येणे, हे त्या दिग्दर्शकास अधिक सांगण्याजोगे वाटले. 'चंदू चॅम्पियन'च्या कर्त्यांनी निराळी वाट धरली. त्यांचा चित्रपट म्हातारपणापासून सुरू होतो. वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यात येऊन बसतो. मला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही, म्हणून राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवून घ्या, असा त्याचा हट्ट. ठाण्यातील माणसे आधी हसतात. मग तो आपली हकीकत सांगू लागतो, आणि तीच चित्रपटाची कथा.

ही कथनाची युक्ती आहे, आणि ती थोडी जुळवून आणल्यासारखी वाटते हेही खरे. पण तिच्यामुळे एक गोष्ट साधते. लहानपणी ज्यास पोरे हसली, त्यास म्हातारपणीही लोक हसतात. मध्ये सुवर्णपदक आले तरी काही फरक पडलेला नाही. हे नुसत्या शर्यतीच्या दृश्याने सांगता आले नसते. शर्यतीनंतर टाळ्या वाजतात आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. येथे मात्र टाळ्यांनंतर काय झाले, हा प्रश्न पहिल्या दृश्यापासून त्याच्यापुढे उभा असतो.

टाळ्यांनंतर काय झाले? याचे उत्तर चित्रपटात फारच थोडक्यात येते. पदकानंतरची चाळीसहून अधिक वर्षे तो भराभर ओलांडून जातो. ती वर्षे पुण्यातच गेली. युद्धात जखमी झालेल्यांना टाटांकडून आर्थिक साहाय्य देऊ करण्यात आले, तेव्हा पेटकरांनी दान नको, काम द्या, असे सांगितले. मग टेल्को या मोटारींच्या कंपनीत, जिचे नाव आता टाटा मोटर्स आहे, त्यांनी सुमारे तीस वर्षे नोकरी केली. या कंपनीचा पिंपरीचा कारखाना प्रसिद्धच आहे. देहूरोडहून पुण्याच्या दिशेने तिसरे स्थानक पिंपरी. सकाळच्या पाळीस जाणाऱ्या कामगारांनी भरलेल्या याच मार्गावरील गाड्यांतून कितीतरी लोक प्रवास करीत होते. देशास पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून देणारा मनुष्य याच परिसरात आपल्यासारखाच कामावर जातो आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांस माहीत असेल?

चित्रपटात ही वर्षे अधिक हवी होती, असे मला वाटते. रोज कामावर जाण्यात गोळीबार नसतो, शर्यत नसते, म्हणून कॅमेऱ्यास ते नीरस वाटते. पण लुळ्या पायांनी तीस वर्षे वेळेवर कारखान्यात हजर राहणे सोपे नाही. याच लोहमार्गावर आणखी पुढे खडकी लागते. तेथे कण्याला इजा होऊन पक्षाघात झालेल्या सैनिकांसाठी १९७४ साली स्थापन झालेले पुनर्वसन केंद्र आहे. तेथे राहणाऱ्या जवानांवर चित्रपट निघालेले नाहीत. त्यांचा दिवस कसा जातो, हे पाहावयाचे असेल तर पडद्याकडे पाहून भागणार नाही.

२०१८ मध्ये पेटकरांना पद्मश्री देण्यात आली. त्यानंतर सहा वर्षांनी चित्रपट आला आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. दरम्यान अपंग, ज्यांना आता दिव्यांग म्हणतात, त्यांच्या खेळांची स्थिती पालटली होती. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने एकोणतीस पदके मिळविली. त्यांपैकी गोळाफेकीतील एक रौप्यपदक सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटरच्या फेकीने मिळविले. तेही सांगली जिल्ह्याचेच.

राहता राहिला अर्जुन पुरस्कार. १९६१ साली सुरू झालेला हा पुरस्कार पेटकरांना हायडेलबर्गनंतर अर्धशतक उलटले तरी मिळाला नव्हता. चित्रपटातील वृद्ध मुरलीकांत ज्यासाठी पोलीस ठाण्यात भांडतो, तो हाच. १७ जानेवारी २०२५ रोजी खरे मुरलीकांत पेटकर, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती भवनात कुबड्यांच्या आधाराने पुढे झाले आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांनी जीवनगौरव म्हणून दिला जाणारा अर्जुन पुरस्कार स्वीकारला. हे दृश्य चित्रपटात नाही. तो सात महिन्यांपूर्वीच पडद्यावर येऊन गेला होता.